खात खात यामानोबेची वाट

नारा शहराच्या दक्षिणेला पूर्वेकडचे डोंगर संपून यामातोची म्हणजे जुन्या नारा प्रांताची सपाटी सुरू होते, त्या कडेकडेने एक पायवाट जाते. तिचं नाव यामानोबे-नो-मिची. आठव्या शतकात लिहिलेल्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात तिचा उल्लेख आहे आणि जपानमधला सर्वांत जुना रस्ता अशी तिची ख्याती आहे. तेन्री स्टेशनपासून साकुराई स्टेशनपर्यंतचा तिचा दक्षिणेकडचा भाग साधारण १६ किलोमीटर भरतो. मोठी चढण कुठेच नाही. फळबागा, शेतं, तळी, देवळं आणि जुनी गावं यांच्यामधून ती वर-खाली होत जाते.

आई वाईहून ओसाकाला आमच्याकडे आली होती. तिला क्योटो दाखवून झालं होतं आणि तिथल्या गर्दीचा तिला कंटाळाही आला होता. "इथलं एखादं खेडं दाखव गं, लोक काय पिकवतात, काय खातात ते बघू," असं ती म्हणाली तेव्हा मला यामानोबेच सुचली. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचं माहेर साकुराईजवळ आहे. त्यांना विचारलं तर त्या नुसता सल्ला देऊन थांबल्या नाहीत, बरोबर यायलाच निघाल्या. त्यांनी दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या. एक, तेन्रीकडून साकुराईकडे चालायचं, उलट नाही, कारण खाण्याची खरी मजा मिवा गावात आहे आणि मिवा शेवटाकडे येतं. दुसरी, मार्चच्या सुरुवातीलाच जायचं.

मार्चच्या सुरुवातीला थंडी असते, हे खरं. नाराच्या तोदाईजी मंदिरात १ ते १४ मार्च असा ओमिझुतोरीचा विधी चालतो. तो ७५२ सालापासून एकदाही खंडित झालेला नाही, आणि ओमिझुतोरी संपल्याशिवाय थंडी जात नाही असं इकडची माणसं अजून म्हणतात. आम्ही निघालो ते दिवस त्या विधीचेच होते. सकाळी हात खिशातून बाहेर काढवत नव्हते आणि दुपारी स्वेटर काढून कमरेला बांधावा लागला. पण याच दिवसांत झाडांवर पानं नसल्यामुळे सगळी सपाटी उघडी दिसते, उमे म्हणजे जपानी आलुबुखार फुललेला असतो आणि बागांमधली हिवाळी संत्री-मोसंब्यांची जात अजून विक्रीला असते. साकुराच्या म्हणजे चेरीच्या फुलांच्या दिवसांत हीच वाट जास्त सुंदर असेल कदाचित, पण खाणाऱ्याने मार्चच धरावा, असं माझं ठाम मत आहे.

नारा स्टेशनवर मी माझ्यापुरती काकिनोहा-झुशी घेतली. भाताच्या छोट्या आयताकार घासावर खारवलेल्या बांगड्याच्या जातीच्या माशाचा पातळ काप ठेवून ते काकीच्या, म्हणजे पर्सिमन या फळझाडाच्या, पानात घट्ट गुंडाळतात. समुद्रापासून लांब असलेल्या या डोंगराळ प्रदेशात मासा यायचा तो मीठ लावून, डोंगर ओलांडून. त्यातून हा पदार्थ झाला. पान खायचं नाही, पण त्याचा मंद वास भाताला लागतो. आई शाकाहारी, त्यामुळे तिच्यासाठी घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. शाकाहारी माणसाला घेऊन जपानच्या खेड्यात फिरायचं तर निम्मा डबा आपला न्यावाच. उरलेला निम्मा वाट देते, हे पुढे कळलंच.

तेन्री स्टेशनवरून झाकलेल्या बाजारपेठेतून सरळ पूर्वेला चालत गेलं की अर्ध्या तासात इसोनोकामी देवस्थान लागतं. उंच सुगी वृक्षांची गर्द झाडी, आणि आत शिरताच कोंबड्यांची बांग. इथे कोंबड्या मोकळ्या हिंडतात, रात्री झाडांवर बसतात, आणि त्यांना देवाच्या मानतात. त्यात पांढऱ्या मऊ पिसांच्याही होत्या आणि लांब बांग देणारे कोंबडेही. या देवस्थानाकडे सात फाट्यांची लोखंडी तलवार जपून ठेवलेली आहे. साधारण चौथ्या शतकातली, कोरियातल्या बेक्चे राज्याकडून आलेली. ती पाहायला मिळत नाही. आई कोंबड्यांतच रमली.

तिथून डोंगरकड सुरू होते. पहिलं मोठं तळं येतं तिथे एइक्युजी नावाचं प्रचंड बौद्ध मंदिर होतं. १८६८ साली शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा सरकारी हुकूम निघाला आणि देशभर बौद्ध मंदिरांची मोडतोड झाली, त्यात ते पार नाहीसं झालं. आता तळं, एक शिळा आणि बाशो या जुन्या कवीची हायकू कोरलेला दगड, एवढंच. तळ्याच्या काठाला एक उमेचं झाड ऐन बहरात होतं. उमेची फुलं काळ्या, पान नसलेल्या फांदीला चिकटूनच येतात, मध्ये देठ जवळजवळ नसतोच. त्यामुळे झाडाखाली उभं राहिलं की वास थेट अंगावर येतो. थोडा मधाचा, थोडा तिखट. बाईंनी आईला एका फांदीपाशी नेऊन नाक लावायला लावलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दिवसभर ते अडलं नाही.

पुढची एक-दोन गावं भराभर मागे टाकली. गवती छपराची यात्सुगी देवळाची वास्तू बघितली आणि ताकेनोउची, कायो ही खंदक असलेली गावं लागली. लढायांच्या काळात गावकऱ्यांनी गावाभोवती पाण्याचे खंदक खणले, त्यातले काही अजून शाबूत आहेत. पाणी हिरवं, काठाला पांढऱ्या भिंतींची घरं.

या गावांपासून बागा सुरू होतात आणि बागांबरोबर दुकानं. दुकान म्हणजे बिनमाणसाचं. चार खांब, वर पत्रा, फळीवर पिशव्या आणि एक पैशाचा डबा. पिशवीवर बहुतेक शंभर येन लिहिलेलं. पैसे टाकायचे, पिशवी उचलायची. आईचा विश्वासच बसेना. "कुणीच नाही बघायला?" असं दोन-तीनदा विचारून मग तिने स्वतःच्या हाताने नाणं डब्यात टाकलं, आणि त्यानंतर प्रत्येक दुकानापाशी थांबायचं ठरूनच गेलं. हस्साकू, पोंकान ही संत्र्याच्या जातीची फळं होती, वाळवलेल्या काकीच्या माळा होत्या, वाळवलेल्या मुळ्याचे धागे होते, नानोहानाच्या म्हणजे मोहरीच्या जातीच्या कोवळ्या कळ्यांच्या जुड्या होत्या. आईने त्या जुडीतली एक कळी चावून पाहिली आणि मोहरीची पानं म्हणून लगेच ओळखली. तिथल्या लोकांत ही भाजी उकडून, पिळून, मोहरीच्या पुडीत आणि सोया सॉसमध्ये कालवून खातात. आम्ही दोन जुड्या घेतल्या.

हस्साकू हे फळ मला आधी कधी आवडलं नव्हतं. साल जाड, चव आंबट आणि थोडी कडवट. एका पारावर बसून बाईंनी ते कसं खायचं ते दाखवलं. साल काढायची, फोडी सुट्या करायच्या, मग प्रत्येक फोडीच्या पाठीवर नखाने चीर देऊन पातळ पापुद्रा दोन्हीकडे उलटा सोलायचा. कडवटपणा त्या पापुद्र्यात असतो. आत कोरडे, टपोरे, सुटे दाणे राहतात. असं खाल्लं की त्या फळाची गोडी कळते. उन्हात बसून, खाली सपाटीवर पसरलेली गावं बघत, आईने अख्खं फळ संपवलं.

वाळवलेली काकी तिला त्याहून आवडली. या पट्ट्यातली काकी प्रसिद्ध आहे. तोने-वासे नावाची लवकर पिकणारी जात याच तेन्रीच्या भागातली. मार्चमध्ये बागेत बघाल तर झाडं पूर्ण उघडी, छाटणी झालेली, खोडं काळी आणि भेगाळलेली. झाडांखाली शेतकरी छाटलेल्या फांद्या गोळा करत होते. एका बागेत एक आजोबा काम करता करता थांबले, बाईंशी बोलले आणि आईचं वय विचारून तिला चालण्याबद्दल शाबासकी दिली. आईने हात जोडले, त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

एका वळणावर एक म्हातारी बाई घराच्या ओसरीवर कुसामोची विकत होती. तांदळाच्या चिकट पिठात योमोगी या रानटी सुवासिक वनस्पतीची कोवळी पानं कुटून घालतात, म्हणून मोची हिरवीगार होते. आत लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या अझुकीचं गोड पुरण. योमोगीची पानं थंडी सरताना बांधाबांधावर फुटतात, त्यामुळे ताज्या पानांची मोची या दिवसांत मिळते. आईने तोंडात घालायच्या आधी वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर दवणा." मला हसू आलं, पण नंतर वनस्पतींचं पुस्तक बघितलं तर दवणा आणि योमोगी एकाच कुळातल्या एकाच प्रजातीचे निघाले. चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणा आणि यामातोतल्या म्हातारीच्या मोचीतला पाला सख्खे भाऊ. तिच्या नाकाने ते पुस्तकाच्या आधी सांगितलं होतं.

यानागिमोतो गावाजवळ वाटेवर चोगाकुजी हे मंदिर आहे. ८२४ साली कुकाई म्हणजे कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांनी ते स्थापलं असं सांगतात. तिथली अमिदा बुद्धाची त्रिमूर्ती ११५१ सालची आहे. डोळ्यांत स्फटिक बसवलेल्या ज्या मूर्तींची साल माहीत आहे, त्यांत ती सर्वांत जुनी. अंधाऱ्या सभामंडपात डोळ्यांतली ती ओल बघत आम्ही बराच वेळ बसलो. या मंदिराच्या मुदपाकखान्याच्या जुन्या वास्तूत भाविकांना सोमेन, म्हणजे गव्हाच्या बारीक शेवया, वाढतात. आम्ही ते पुढच्यासाठी राखलं आणि मंदिरापासून थोड्या अंतरावर, सुजिन सम्राटाच्या थडग्याच्या खंदकाकाठी डबा उघडला.

हे थडगं म्हणजे २४२ मीटर लांबीची टेकडी आहे, पाण्याने वेढलेली. मागे गोल, पुढे चौकोनी. वरून पाहिलं तर किल्लीच्या भोकाचा आकार. जमिनीवरून तो आकार कळत नाही, फक्त झाडांनी भरलेली लांबच लांब टेकडी दिसते. थोडं पुढे केइको सम्राटाचं थडगं आहे ते ३०० मीटरचं. त्याच गावातल्या कुरोझुका नावाच्या छोट्या थडग्यात १९९७-९८ च्या उत्खननात त्रिकोणी कडेचे ३३ कांस्य आरसे मिळाले. तिसऱ्या-चौथ्या शतकात यामातोची सत्ता इथेच उभी राहिली, म्हणून या भागात पावलापावलावर थडगी आहेत. त्या खंदकाकाठी बसून आईने बाईंना दशमी आणि चटणी दिली. बाईंनी चटणी आधी बोटाने चाखली, मग दशमीला लावून खाल्ली, आणि उरलेली चटणी कागदात बांधून मागितली. मी काकीच्या पानातली झुशी उघडली. पश्चिमेला निजो डोंगराची दोन शिखरं स्वच्छ दिसत होती आणि खालच्या सपाटीत मिमिनाशी, उनेबी, कागुयामा या यामातोच्या तीन टेकड्या.

ज्यांना एवढं चालणं जमणार नाही त्यांनी यानागिमोतो स्टेशनला उतरून इथून सुरुवात करावी आणि मिवापर्यंत जावं. वाट जेमतेम निम्मी होते आणि चांगलं ते सगळं पदरात पडतं. माकिमुकू, मिवा ही स्टेशनंही वाटेच्या जवळच आहेत. गुडघे बोलू लागले तर कुठेही सपाटीकडे वळून गाडी धरता येते. मात्र ही गाडी तासाला एखाद-दोनच असते, तेव्हा वेळापत्रक आधी बघून ठेवावं.

माकिमुकूनंतर हिबारा देवस्थान. इथे गाभारा नाही, सभामंडप नाही. एकाला एक जोडलेल्या तीन तोरणांमागे, म्हणजे प्रवेशकमानींमागे, थेट डोंगर. देवळाकडे पाठ करून पश्चिमेला पाहिलं की निजोची दोन शिखरं समोर येतात. विषुवदिनाच्या आसपास सूर्य त्या दोन शिखरांच्या मध्ये मावळतो. जवळच्या इदेरा तळ्यापाशी यामातोची थोरवी गाणारी जुनी कविता कोरलेली शिळा आहे, अक्षर कादंबरीकार कावाबाता यासुनारी यांचं. सगळ्या वाटेवर अशा कवितांच्या शिळा आहेत, बहुतेक आठव्या शतकातल्या मान्योशू या संग्रहातल्या. मान्योशूत साडेचार हजारांवर कविता आहेत आणि त्यातल्या कित्येक इथल्याच डोंगर-नद्यांवरच्या. बाई एक-एक वाचून दाखवत, मी मराठीत सांगत असे, आणि आई मधूनच "हं, पुढे" म्हणे.

तिथून मिवा डोंगराच्या पायथ्याने सावलीतली वाट ओमिवा देवस्थानापर्यंत जाते. ४६७ मीटर उंचीचा हा डोंगरच इथला देव. म्हणून या देवस्थानाला गाभारा नाही. १६६४ साली शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीश तोकुगावा इएत्सुना यांनी बांधलेल्या मंडपातून डोंगराला नमस्कार करायचा. डोंगरावर जायचं तर वेगळी नोंद करावी लागते, वर फोटो काढायचे नाहीत, खायचं नाही. आवारात एका जुन्या सुगी वृक्षापाशी लोक कच्ची अंडी आणि साकेच्या म्हणजे तांदळाच्या दारूच्या बाटल्या ठेवून जातात. देव सर्परूपात येतो आणि सर्पाला अंडी आवडतात अशी श्रद्धा आहे. नागोबाला दूध-लाह्या दाखवणाऱ्या आईला यात काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

हा देव साके गाळणाऱ्यांचाही. देशभरच्या साकेच्या कारखान्यांच्या दारात सुगीच्या पानांचा मोठा गोळा टांगतात, त्याचं मूळ इथलं. हिवाळ्यात नवा गोळा हिरवा असतो आणि महिन्यांमागून तपकिरी होत जातो. आम्ही गेलो तेव्हा मिवाच्या रस्त्यावरच्या साकेच्या जुन्या दुकानासमोरचा गोळा अजून हिरवा होता, कडेने जरा काळवंडलेला.

आणि हाच देव सोमेनवाल्यांचा. दर वर्षी ५ फेब्रुवारीला या देवस्थानात त्या वर्षीच्या सोमेनचा भाव चढा, मध्यम की उतरता, असा कौल देवाला लावतात. मिवाला सोमेनचं जन्मस्थान मानतात. हिवाळ्याच्या कोरड्या थंडीत गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी मळून त्याचा दोर ओढतात, त्याला तेल लावतात, पीळ देतात, मुरू देतात, परत ओढतात. मग दोन काठ्यांवर आठाच्या आकड्यासारखा गुंडाळून चौकटीवर ताणतात. ताणताना तंतू एकमेकांना चिकटतात, ते लांब काड्यांनी सोडवावे लागतात. बाई लहानपणी शेजारच्या घरी हे काम करायला जात. तंतूंच्या पडद्यामागे उभं राहून त्या काड्या कशा फिरवत ते त्यांनी रस्त्यात हात वर करून दाखवलं. आईने लगेच पाटावरच्या शेवया सांगितल्या: रव्याची कणीक तिंबणं, पाट तिरका लावून शेवई ओढणं, बोटांवर घेणं, दांडीवर वाळत घालणं. फरक एवढाच की आमच्या शेवया मे महिन्याच्या उन्हात होतात आणि यांच्या जानेवारीच्या थंडीत. त्या दोघी हातवाऱ्यांनी बोलत होत्या आणि मी मध्ये पडले नाही.

मिवाच्या रस्त्यावरच्या एका छोट्या दुकानात मी न्यूमेन घेतलं. न्यूमेन म्हणजे गरम रसातली सोमेन. तंतू शिवणाच्या दोऱ्याइतके बारीक, पण रसात मऊ पडत नाहीत, दाताखाली कळतात. वर एक शिताके अळंबी, थोडा हिरवा कांदा, युझू या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीची एक चिरी. दिवसभर चालल्यावर तो वाफाळता वाडगा हातात घेतला की थंडी उतरते. रसात सहसा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेला मासा, असतो, त्यामुळे आईने वाराबीमोची आणि हिरवा चहा घेतला. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळलेली ती थुलथुलीत वडी तिला पसंत पडली.

दुकानात सोमेनची पाकिटं होती, त्यातली महागडी जुन्या मालाची. एक पावसाळा ओलांडून मुरलेल्या सोमेनला जास्त मान असतो. त्याच फळीवर फुशीच्या पिशव्या होत्या. काठीवर जिथे तंतू वळतो तिथे जाडसर, वाकडा तुकडा राहतो, तो कापून वेगळा विकतात. तीच फुशी. अगदी स्वस्त. बाई म्हणाल्या, त्यांच्या घरी मिसोच्या म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपमध्ये हीच पडते आणि त्यांना सोमेनपेक्षा हीच आवडते. आम्ही दोन्ही घेतलं.

मिवाहून साकुराईपर्यंतचा शेवटचा तुकडा शहरात शिरतो. कानायाजवळ नदीकाठी जपानमधला सर्वांत जुना बाजार भरत असे, त्सुबाइची. बेक्चेच्या राजाने पाठवलेली बुद्धमूर्ती आणि ग्रंथ नदीतून इथे उतरले असं मानतात, आणि काठावर तशी शिळा आहे. साल ५५२ किंवा ५३८ सांगतात. कार्ल्याचा चैत्य तोवर कित्येक शतकं जुना झाला होता. आईला हे सांगितल्यावर ती त्या शिळेपाशी वाकली आणि मग विचारलं, "गाडी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी घरी आम्ही सोमेन शिजवली. आईसाठी रस बिनमाशाचा करायचा होता. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळकी शिताके रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी मंद आचेवर तापवायची, उकळी यायच्या आत कोंबू काढून घ्यायचं, सोया सॉस आणि थोडं मिरिन, म्हणजे स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू, घालायचं. बौद्ध मठांत असाच रस करतात आणि तो चवीला कुठेही कमी नाही. सोमेन भरपूर उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटंच शिजवायची आणि गार पाण्याखाली हाताने चोळून धुवायची, म्हणजे मीठ आणि तेल जातं. मग गरम रसात. नानोहाना उकडून बाजूला. फुशीचं आईने तिच्या पद्धतीने केलं: तुपात जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता नव्हता म्हणून कोथिंबीर, वर उकडलेली फुशी परतून लिंबू. पुढच्या आठवड्यात बाईंना डब्यातून पाठवलं. त्यांनी डबा धुऊन, त्यात फुशीची नवी पिशवी घालून परत केला, आणि ती पिशवी आई वाईला घेऊन गेली.